खंडेनवमीची शिट्टी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सात माजी खेळाडूंनी कॉलेजच्या प्राचार्यांना निवेदन दिले.

फोटो निघाला. अशा फोटोत असते तसेच सगळे त्यात होते: मध्ये प्राचार्य, एकाच कागदाला लागलेले पाच-सहा हात, आणि कागद सोडून कॅमेऱ्याकडे बघणारे चेहरे. निवेदनात दोन मागण्या होत्या. बास्केटबॉलचे नवे प्रशिक्षक हर्षल अहिरे यांनी हंगाम पूर्ण करण्याची लेखी हमी द्यावी. आणि महाविद्यालयाच्या परवानगीशिवाय कोणत्याही खेळाडूला बाहेरगावी नेऊ नये.

'कोणत्याही' असे लिहिले होते, पण लिहिणाऱ्यांच्या मनात एकच मुलगी होती. मोहिनी गावित, बीए दुसरे वर्ष, उंची पाच फूट अकरा इंच. गाव सुरगाणा तालुक्यातला एक पाडा, मुक्काम आदिवासी वसतिगृहात. रविवारी, १२ ऑक्टोबरला, पुण्यात राज्य शिबिराची निवड चाचणी होती. डिसेंबरनंतर मोहिनी त्या वयोगटातून बाहेर पडणार होती, म्हणजे ही तिची शेवटची चाचणी. तिथे उतरायला प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र लागणार होते.

निवेदन देणाऱ्या सातांपैकी एकालाही त्या दिवशी हे माहीत नव्हते. माहीत करून घेणे अवघड नव्हते. अहिरे रोज सकाळी सहा ते आठ त्यांच्यापासून तीस फुटांवर उभे असत.

पंचवटीच्या बाजूला असलेल्या या कॉलेजात बास्केटबॉलचे कोर्ट सिमेंटचे आहे आणि त्याच्या पूर्वेला पाच दगडी पायऱ्या आहेत. जुने खेळाडू तिथे येऊन बसतात. सर्वांत वरच्या पायरीवर खंडेराव बोरस्ते. वय सदुसष्ट, नोट प्रेसमधून निवृत्त, एके काळी विद्यापीठाच्या संघात. गेल्या तीस-एक वर्षांत या कोर्टावर झालेल्या प्रत्येक सामन्याचा स्कोअर त्यांच्या वह्यांत आहे. त्यांना सगळे नाना म्हणतात. एक पायरी खाली राजू तिडके, पंचवटीत दुचाकीच्या स्पेअर पार्टचे दुकान. त्याच्या शेजारी सविता कुलथे, एके काळची कर्णधार, आता शाळेत शिक्षिका. बाकीचे चौघे येतात-जातात.

या कोर्टाची एक रीत आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गावोगावी हत्यारांची पूजा होते. इथे बॉल, पंप, जाळ्या, टेबलावरची घंटा आणि प्रशिक्षकाची शिट्टी यांची होते. बाकीचे सामान दुपारी आत जाते. शिट्टी मात्र रात्रभर थाळीतच राहते. दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पाने वाटून झाली की प्रशिक्षक ती उचलून वाजवतो आणि हंगाम सुरू होतो. हे कुठे लिहिलेले नाही. नव्या माणसाला ते कोणीतरी सांगावे लागते.

अहिरेंना कोणी सांगितले नव्हते.

निवेदनाच्या दोन दिवस आधी, बुधवारी, खंडेनवमीच्या संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी राजूने पायऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. थाळीत हळदकुंकू होते, झेंडूची फुले होती, आणि मधोमध शिट्टीएवढी मोकळी जागा.

दसऱ्याला सकाळी सात वाजता पायऱ्या भरल्या होत्या. सोने वाटून झाले होते. समोर अहिरे मुलींना पळवत होते आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात होती.

"नाना, फोटो बघितला ना?" राजू म्हणाला.

"बघितला."

"मग बोला ना काहीतरी. पूजेतली शिट्टी उचलून नेली गड्याने. म्हणजे बॅग भरलेलीच आहे."

खंडेरावांना सहा वर्षांपूर्वीचे आठवले. तेव्हाच्या प्रशिक्षकाने खंडेनवमीला शिट्टी थाळीत ठेवलीच नव्हती. डिसेंबरमध्ये तो पुण्याला गेला आणि जाताना तीन मुली घेऊन गेला. जानेवारीत कॉलेजला पाच खेळाडू उभे करता आले नाहीत. त्या सामन्याचे पान खंडेरावांच्या वहीत आहे. वर तारीख, दोन संघांची नावे, खाली काही नाही.

"पूजेची शिट्टी काय कोणी उचलत नाय," ते म्हणाले. "काहीतरी हाय."

"अहो, मग विचारा त्यांना," सविता म्हणाली. "समोर तर उभे आहेत."

"विचारल्यावर कोण सांगतं ताई, मी पळून चाललोय म्हणून? तू मला हे सांग, पुण्याच्या अकादमीतली नऊ वर्षांची नोकरी सोडून इथे तासिकेवर कोण येतं? मला कोणी म्हणालं, राजू, दुकान बंद कर आणि हरसूलला पंक्चर काढायला बस, तर मी जाईन?"

"तुला तिथेपण कोणी गिऱ्हाईक मिळणार नाही."

"हसू नको. तो मोहिनीसाठी आलाय. मागच्या वर्षी पुण्याची टीम घेऊन आला होता ना? तेव्हा बघितलं त्याने तिला. अठ्ठावीस पॉइंट टाकले पोरीने त्याच्या टीमवर."

"सव्वीस," खंडेराव म्हणाले.

"सव्वीस तर सव्वीस! माल बघितला, आता उचलायला आलाय."

"माल काय म्हणतोस रे?" सविता म्हणाली. "आणि त्यांचं घर सटाण्याला आहे. आईवडील थकले असतील, जवळ यावंसं वाटलं असेल."

"सटाण्याची माणसं आईला भेटायला शनिवारी जातात, नोकरी नाही सोडत. आणि मागच्या आठवड्यात गेटवर एमएच-बारा गाडी उभी होती ती? अर्धा तास बोलत होता काच खाली करून."

"पुण्याच्या गाड्या रोज त्र्यंबकला जातात. सगळ्या काय मोहिनीला न्यायला येतात?"

गेटजवळ चहाची गाडी लावणाऱ्या सिंधुबाई ग्लास गोळा करायला आल्या होत्या. "त्या मास्तरांना चहा बिनसाखरेचा लागतो," त्या म्हणाल्या. "मला एवढं ठाऊक हाय. तुम्हाला तेवढंबी नाय."

सगळे हसले. दहा मिनिटांनी राजूने मोबाइलवर निवेदनाचा मजकूर लिहायला घेतला.

शुक्रवारी तो छापून आला. पहिली सही खंडेरावांची, ज्येष्ठ म्हणून. सविताकडे कागद सहाव्या नंबरावर आला. तिने दुसरी मागणी पुन्हा वाचली.

"हे जरा जड होतंय. परवानगीशिवाय नेऊ नये म्हणजे, ते नेतायत असंच झालं की."

"सही कर ताई. साहेब एकला जेवायला जातात."

तिने सही केली. शनिवारी एका स्थानिक दैनिकात आतल्या पानावर फोटोसह एक कॉलम बातमी आली. प्रशिक्षकांच्या हेतूविषयी क्रीडावर्तुळात चर्चा आहे, असे त्यात म्हटले होते. क्रीडावर्तुळ म्हणजे त्या पाच पायऱ्या होत्या.

सोमवारी, ६ ऑक्टोबरला, अहिरे मोहिनीच्या पत्रासाठी कार्यालयात गेले. पत्र टाइप होऊन तयार होते. सही नव्हती. क्रीडा समितीची बैठक होईपर्यंत बाहेर जाणारी सगळी पत्रे थांबवा, अशी प्राचार्यांची सूचना असल्याचे क्लार्कने सांगितले. बैठक पुढच्या सोमवारी, १३ तारखेला. चाचणी १२ला.

मंगळवारी सकाळी आठ वाजता सराव संपला आणि अहिरे पहिल्यांदा पायऱ्यांपाशी आले. ते बसले नाहीत. बातमीचे कात्रण त्यांच्या हातात नव्हते, आवाजही चढलेला नव्हता. चाचणीची तारीख, पत्र आणि बैठक एवढे त्यांनी ओळीने सांगितले.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही झाली तर पत्र जाईल. तुम्ही एक ओळ लिहून द्या, निवेदन मागे घेतोय म्हणून. नंतर माझ्याविरुद्ध दुसरं दिलंत तरी चालेल."

खंडेरावांनी विचारले, "सर, ती शिट्टी तुम्ही का उचलली?"

"कोणती शिट्टी?"

"खंडेनवमीची. पूजेतली."

अहिरेंनी गळ्यातल्या शिट्टीकडे बघितले. "संध्याकाळी वसतिगृहाच्या मैदानावर मोहिनीची प्रॅक्टिस होती. माझ्याकडे एकच आहे. का? नव्हती उचलायची?"

"सकाळपर्यंत ठेवायची असते."

"मग सांगायचं ना, नाना. मी दुसरी आणली असती."

राजू पुढे सरकला. "ते राहू द्या. एकच सांगा. पुण्याच्या अकादमीशी तुमचं बोलणं चालू आहे की नाही? हो की नाही?"

"चालू आहे."

पायऱ्यांवर हालचाल झाली.

"तिथे मुलींची राहायची सोय आहे, डॉक्टर आहे, वर्षाला चाळीस सामने मिळतात," अहिरे म्हणाले. "मोहिनीला तिकडे पाठवावं की नाही, माझं ठरलेलं नाही. ठरवणार ती आणि तिचे वडील. पण ते सगळं नंतरचं. आधी रविवार आहे."

"म्हणजे आम्ही लिहिलं ते खोटं नाही."

"मी कुठे खोटं म्हणालो?"

"मग तुम्हीपण एक ओळ द्या. हंगामभर राहतो म्हणून. इकडून आम्ही देतो, तिकडून तुम्ही द्या. बात खतम."

अहिरे पहिल्यांदा हसले, पण ते हसू फार टिकले नाही. "माझी ऑर्डर मार्चपर्यंतची आहे. तीसुद्धा तासाच्या हिशेबाने. कॉलेज मला पुढच्या वर्षाचं लिहून देत नाही. मी तुम्हाला काय लिहून देऊ?"

त्यांनी बॉलची जाळी खांद्याला लावली आणि गेले. कोर्टावर मोहिनी एकटीच फ्री थ्रो टाकत होती. बोलणे तिला ऐकू गेले असावे. ती दोन वेळा चुकली आणि एरवी ती सलग दोनदा चुकत नाही.

बुधवार वादात गेला. राजूचे म्हणणे होते की गडी स्वतःच्या तोंडाने कबूल झाला आहे, आता मागे हटलो तर पुढच्या वर्षी पुन्हा रिकामे पान लिहायची तयारी ठेवा. दुसरा एक जण म्हणाला, चाचणी काय दर वर्षी होते. सविताने त्याला वयोगट समजावून सांगितला. तिसऱ्याने ग्रुपवर हात जोडल्याची तीन चित्रे टाकली आणि तो कुटुंबासह तिरुपतीला गेला. खंडेराव काहीच म्हणाले नाहीत. त्या दिवशी त्यांच्याच तोंडाकडे सगळे बघत होते, आणि त्यांच्या एका शब्दाने काम झाले असते, हे नंतर प्रत्येकाने मान्य केले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता बाकीचे उठून गेल्यावर सविता थांबली.

"नाना, ती गेली तर आपली टीम जाईल. कळतंय मला. पण नाही गेली, तर तिचं काय जाईल, ते आपण मोजलंच नाही."

खंडेरावांच्या मांडीवर वही होती. चालू हंगामाची पाने कोरी होती. मागच्या हंगामात चौदा सामने होते आणि चौदाही पानांवर पहिले नाव मोहिनीचे होते.

"मला वाटलं, इथंच राहील," ते म्हणाले. "मला बघायचं होतं अजून."

"मलापण बघायचं होतं."

"लिही तू. मी सही करतो."

सातांपैकी दोघे गावात नव्हते. उरलेल्या पाचांच्या सह्या गोळा करायला शुक्रवारची दुपार गेली. राजूने दुकानाच्या काउंटरवर सही केली. हाताचे ऑइल कागदाच्या कोपऱ्याला लागले. "ताईसाठी करतोय," तो म्हणाला. "मला पटलेलं नाही, लिहून ठेवा." मग तोच खंडेरावांना आणि सविताला स्कूटरवरून कॉलेजात सोडायला निघाला होता, सविताने रिक्षा केली म्हणून राहिला.

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी खंडेराव आणि सविता कार्यालयात पोचले. प्राचार्य तीन वाजताच निघाले होते. घरचे लग्न होते, दोन दिवसांचे.

"आवक नंबर टाकून देतो," क्लार्क म्हणाला. "सोमवारी साहेबांसमोर ठेवतो."

"उद्या?"

"उद्या दुसरा शनिवार ना, मॅडम."

खंडेरावांनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. मागे सनई चालू होती. प्राचार्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"बोरस्ते साहेब, परवानगीशिवाय कोणाला बाहेर पाठवू नका, हे तुम्हीच लिहून दिलंत. पेपरातही आलं. आता बैठकीआधी मी सही केली तर उद्या तुमच्यातलाच कोणी विचारेल, का केली. सोमवारी बघू. नक्की बघू."

रविवारी पहाटे पाचच्या बसने अहिरे मोहिनीला घेऊन पुण्याला गेले. सोबत त्यांची पत्नी होती. पत्र नव्हते, टाइप केलेली, सही नसलेली प्रत होती. आयोजकांनी ती परत दिली.

सोमवारी सकाळी सहाला मोहिनी नेहमीसारखी कोर्टावर आली. खंडेराव वरच्या पायरीवरून खाली उतरून कडेच्या रेषेपर्यंत गेले. तीस वर्षांत ते सराव चालू असताना तिथवर कधी गेले नव्हते.

"काय झालं ग पोरी तिकडं?"

"पत्र विचारलं. नव्हतं. मग वर बसून बघितलं."

"कोण बरं होतं?"

"एक होती नागपूरची. रिबाउंडला चांगली. माझ्यापेक्षा बुटकी." तिने बॉल दोनदा आपटला. "नाना, पहिली सही तुमची होती ना? सरांनी नाही सांगितलं. ऑफिसात कागद बघितला मी. वहीतलं अक्षर ओळखलं."

"माझीच होती."

"हं," मोहिनी म्हणाली. शिट्टी वाजली आणि ती रांगेत गेली. खंडेरावांनी गुरुवारपासून एक वाक्य तयार ठेवले होते. ते बोलायचे राहिले.

त्याच दिवशी दुपारी क्रीडा समितीची बैठक झाली. ती पंचवीस मिनिटे चालली. निवेदन मागे घेतल्याची नोंद झाली, प्रशिक्षकांविरुद्ध तथ्य आढळले नाही असे लिहिले गेले, आणि मोहिनीच्या पत्रावर सही झाली. पत्रावर तारीख १३ ऑक्टोबर आहे.

मंगळवारी अहिरेंनी राजीनामा दिला. कारण वैयक्तिक. शुक्रवारपासून दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टीत सविताने त्यांना दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी घेतला. ते सटाण्याला होते. मागे कोणीतरी अहिराणीत चहाला हाका मारत होते. संस्थेने राजीनामा अजून मंजूर केलेला नाही, केला तर जाईन, नाही केला तर बघू, असे ते म्हणाले. पुण्याचे काय, असे विचारायचे सविताच्या ओठावर आले होते. तिने दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

सोमवारी, ३ नोव्हेंबरला, कॉलेज उघडले. सकाळी कोर्टावर नऊ मुली होत्या. मोहिनी नव्हती. पाड्यावर भातकापणी चालू असेल, आठवड्याने येईल, असे वसतिगृहातल्या मुलींनी सांगितले. अहिरे आले होते. ऑर्डर संपेपर्यंत तास घ्यायचे, एवढेच त्यांना कळवण्यात आले होते. पायऱ्यांवरून त्या दिवशी राजूने त्यांच्याकडे नवी शिट्टी पाठवली, अजून प्लॅस्टिकमध्ये होती ती. त्यांनी ती घेतली, खिशात ठेवली आणि गळ्यातली वाजवली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोहिनीचे वडील रावजी गावित कॉलेजच्या कार्यालयात आले. एकटेच होते. मुलीचा दाखला काढायचा आहे, असे त्यांनी खिडकीत सांगितले. क्लार्कने अर्ज दिला, त्यांनी शेजारच्या बाकावर बसून तो भरला. नाव, वर्ग, जन्मतारीख, पत्ता.

ही बातमी पायऱ्यांवर बुधवारी पोचली.

"पुणेच," राजू म्हणाला. पण आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. "अकादमीत घ्यायचं तर कॉलेज तिकडचंच लागेल. दाखला त्यालाच लागतो."

"किंवा काहीच नाही," सविता म्हणाली. "दिवाळीनंतर तिच्या गावचे सगळे दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला उतरतात. आई दर वर्षी जाते. मोहिनी मागच्या वर्षी गेली नव्हती, सराव चुकू नये म्हणून."

"सरांना विचारू."

"विचारलं मी. त्यांनाही माहीत नाही म्हणाले."

"खरं म्हणाले का?"

खंडेराव उठले, गेटबाहेरून वळसा घालून कार्यालयाच्या खिडकीपाशी गेले आणि अर्ज दाखवता का, असे त्यांनी क्लार्कला विचारले. दाखवता येत नाही, असे क्लार्क म्हणाला. मग त्याने आपणहून सांगितले की तसे त्यात बघण्यासारखे काही नाही. कॉलेज सोडण्याचे कारण आणि पुढे कुठे प्रवेश घेणार, हे दोन रकाने गावितांनी कोरे सोडले आहेत. मुलीला विचारून येतो, असे सांगून ते गेले. ते रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बारा नावांची यादी पाठवायची मुदत १० नोव्हेंबर होती. अहिरेंनी पाठवलेल्या यादीत मोहिनीचे नाव पहिले आहे. सोमवारी, १७ नोव्हेंबरला, दुपारी कार्यालय बंद होईपर्यंत रावजी गावित परत आलेले नव्हते, आणि मोहिनीही.